लुगडं कुणी आणायचं

मी, लीला उखा बोरसे, वय सदुसष्ट, धंदा आधी लूम चालवणे आणि आता नात सांभाळणे, राहणार डिंडोली, सुरत, आज डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाने नाही की कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही, हे मृत्युपत्र लिहिते. याआधी असं काही लिहिलेलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगा, मी टाइप करते." मी म्हटलं, चौथी पास आहे मी, माझ्या हाताने लिहिणार. अक्षर गिचमिड आहे, पण नातीला, गायत्रीला लागतं.

कलम पहिले, नावाचे. माझं जन्माचं नाव उखा धना बोरसे. नाव आणि लिंग दोन्ही कागदोपत्री बदललं आहे, सर्टिफिकेट आणि गॅझेट कपाटातल्या पिशवीत आहे. उद्या कुणी विचारू नये की ही लीला कोण आणि उखा कुठे गेला. नवऱ्याचं नाव लावतात तसं उखाचं नाव मी मधे लावलं. गॅझेटच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, असं कसं? मी म्हटलं, जन्मभर मला त्यानेच सांभाळलं, दुसऱ्या कुणाचं लावू?

लीला हे नाव माझ्या बायकोचं, पुष्पाबाईचं. तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून मीच अंगठीने त्यावर पुष्पा लिहिलं आणि तिचं आधीचं नाव मोडलं. रीतच ती. मुलाचं लग्न झालं, लूम सुटला, तेव्हा एका सकाळी डाळ निवडताना मी तिला सगळं सांगितलं, की मी लहानपणापासून आतून बाई आहे. तिने डाळ निवडून संपवली. आखाजीच्या सणाला माहेरी गेली. मला वाटलं, आता ही येत नाही. आली. पिशवी ठेवली, ताटात तांदूळ घेतले, बोटाने लीला लिहिलं आणि म्हणाली, "मन्हं माहेरनं नाव तसंच पडेल शे. ते तू लई ले." मी घेतलं. नेसायलाही तिनेच शिकवलं. निऱ्या पडल्या की हसायची, "लूमवर एवढं कापड काढलं, आणि एक साडी आवरत नाही!" कारखान्याचा मुकादम गल्लीत ओरडला, "काय उखाभाऊ, तमाशात चालले का?" तर ओट्यावरून हीच म्हणाली, "तिकीट काढ, मग बघ."

ती गेली त्याला दुसरी दिवाळी झाली. आता पुढचं कलम.

कलम दुसरे. डिंडोलीचं घर मुलगा भूपेंद्र आणि सून जयश्री या दोघांच्या नावे. दोघांच्या, एकट्या भूपेंद्रच्या नाही. भूपेंद्र मला अजून आबा म्हणतो. म्हणू दे. पाहुण्यांपुढे मात्र "हे आमचे..." म्हणतो आणि पाणी पितो. बाळा, पाणी पिऊ नकोस, आबाच म्हण, मी ऐकते. गायत्रीचं बघ. शाळेत टीचरने विचारलं, कोण आलंय, तर ही छाती पुढे काढून गुजरातीत म्हणाली, "मारी मोटी दादी छे!" मी रिक्षात बसून घरापर्यंत हसत होते. रिक्षावाल्याने विचारलं, लॉटरी लागली का? हो म्हटलं.

बँकेत जे असेल ते गायत्रीचं. लूमवर सूत फिरवणारा माझा पहिला धोटा, टोकाला पितळ असलेला, तोही तिचाच. खेळू दे.

लग्नाचा फोटो भिंतीवरून काढू नये. त्यातल्या फेटेवाल्या उखावर मी पुष्कळ वर्षं चिडून होते, बघवत नव्हता. आता रोज पुसते. घाबरट होता, पण त्याने बायकोवर कधी हात उगारला नाही आणि पोरगा शिकवला. त्याला वाईट बोलू नये.

कलम तिसरे, गावच्या शेताचे. दोंडाईच्याजवळच्या शेतात माझा अर्धा हिस्सा आहे. तो मी धाकटा भाऊ सुकदेव याला देते. आमच्याकडे बहिणी भावासाठी हक्क सोडतात, तसा मी सोडते. कारण बहिणीने हक्क सोडला की भावाने तिचं माहेर चालू ठेवायचं. आखाजीला न्यायला यायचं. आणि ती मेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरून, भावाने आणायचं. पुष्पाचं तिच्या भावाने, मगनने आणलं. हिरवं होतं.

मला कधी कुणी न्यायला आलं नाही. सुकदेवला मी फोन केला होता. तो म्हणाला, "मन्हा भाऊ मरी गया." मी म्हटलं, "मग सुतकाला का नाही आलास?" त्याने फोन ठेवला. सुकदेव, चेष्टा केली मी. रडू येत होतं म्हणून केली.

वकीलबाई म्हणाल्या, अट घाला, लुगडं आणलं तरच जमीन. मी एक दिवस विचार केला. नको. मग ते लुगडं शेताच्या बदल्यात होईल. शेत त्याचंच, तो येवो न येवो.

कलम चौथे. मला आंघोळ जयश्रीने आणि गल्लीतल्या बायांनी घालावी, पुरुषांनी हात लावू नये. अग्नी भूपेंद्रने द्यावा. त्याआधी सुकदेवला कळवावं आणि उधना स्टेशनला भुसावळकडची गाडी येते तेवढी वाट बघावी. तो पिशवी घेऊन उतरला तर त्याला कुणी टोमणा मारू नये, आधी चहा द्यावा. नाही उतरला तर जास्त थांबू नये, लोकांना कामाला जायचं असतं. पुष्पाच्या कपाटातलं एखादं नेसवावं. ते माहेरचं नाही, पण तिचं आहे.

साक्षीदार ज्याला काही मिळत नाही असा लागतो. म्हणून शेजारच्या कुंदनबेन, आणि नवापूरहून मगनला बोलावलं. तो अजून मला दाजीच म्हणतो, तोंडाला सवय. ज्याला त्याला जे दिलं ते वर लिहिलं आहे, खाडाखोड माझीच आहे.

सही: लीला उखा बोरसे
ठिकाण: डिंडोली, सुरत
तारीख: ८ मे २०२४

लीलाबाईंनी आमच्या समोर सही केली, आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार १: कुंदनबेन रमणभाई राणा. नाते: शेजारी. सही.

साक्षीदार २: मगन दौलत पवार, राहणार नवापूर. नाते: भाऊ. सुकदेव आला तर ठीक, नाहीतर लुगडं मी आणीन. सही.