डाव्या बाजूचे सहा आरे

यज्द, १८ इस्फंद

प्रिय कयूमर्स,

तुझा फोन येऊन आज तेवीस दिवस झाले. तू जे बोललास ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरून ठेवलं: "चाकं तुझ्याच हातची हवीत, मास्तर. तू बांध, मी आणि मंदाना डोळे झाकून बसू." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की फोन ठेवल्यावर फर्रुखलकाने विचारलं, "कोण गेलं? चेहरा असा का?" कोणी गेलं नाही, कयूमर्सला सायकलची चाकं हवी आहेत, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तर मीच गेले. आता महिनाभर या घरात मी दिसणार नाही कोणाला." आणि खरंच, तेव्हापासून मी शाळेतून येतो तो थेट अंगणातल्या त्या खोलीत. मुलं म्हणतात, बाबा चाकात अडकलेत.

किरमानहून तब्रीझ, तिथून सरहद्द ओलांडून त्राब्झोनच्या समुद्रापर्यंत, अडीच हजार किलोमीटर. तू सत्तेचाळीस वर्षांचा, तुझी मुलगी एकोणीसची. नवरोझचे तेरा दिवस उलटले की तुम्ही निघणार. चाकं येत्या गुरुवारी बसने पाठवायची असं आपलं ठरलंय, आणि ती पाठवावीत की नाही हे मला परवापर्यंत ठरवता येत नव्हतं.

आधी सामानाचं सांगतो. मंदानाने मला दोनदा फोन केला. पोरगी हुशार आहे, आणि तोंडाळही. "काका, बाबा म्हणतात तुम्ही आऱ्यांशी बोलता. काय म्हणतात आरे?" मी म्हटलं, सध्या म्हणतायत की मंदानाचे प्रश्न संपत नाहीत. तिला अठ्ठावीस इंची चाकं हवी होती, सडपातळ आणि पळणारी. मी सव्वीस इंची निवडली. तिला राग आला असेल तर असू दे. झंजानच्या पुढे एखाद्या खेड्यात टायर फाटला, तर किराणा दुकानात, पाण्याच्या पाइपांच्या शेजारी टांगलेला मिळेल तो सव्वीस इंचीच. अठ्ठावीससाठी चार दिवस बसची वाट बघावी लागेल. हबही मी सुट्या छऱ्यांचे घेतले. बंद बेअरिंगचे हब गुळगुळीत फिरतात हे खरं, पण बिघडले की फेकायचे. सुट्या छऱ्यांचा हब मोटारी दुरुस्त करणारा कोणीही उघडून, पुसून, ग्रीस भरून देईल. ब्रेक रिमवर दाबणारे, रबराचे. कॅरिअर लोखंडी, कारण वेल्डिंगवाला प्रत्येक गावात भेटतो. पुढचं सगळ्यात लहान चक्र चोवीस दात्यांचं. तू म्हणशील, एवढं हलकं कशाला, मी काय म्हातारा झालो? तुझ्या डाव्या पायाचा विचार करून घेतलंय. सरहद्दीपलीकडचे घाट लांब आहेत, आणि उतरून ढकलणं तुला चढण्यापेक्षा जड जाईल.

रिम जाड, दुहेरी भिंतीच्या. प्रत्येक चाकाला छत्तीस आरे, चार चाकांना एकशे चव्वेचाळीस. मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असलेले हे आरे तेहरानहून मागवले. आऱ्याचं टोक रिममध्ये ज्या छोट्या टोपीत आवळलं जातं ती टोपी पितळेची घेतली, हलक्या ॲल्युमिनियमची नव्हे. प्रत्येक आरा मी तीन वेळा मोजला. मागच्या चाकात डावीकडचे आरे उजवीकडच्यांपेक्षा दोन मिलिमीटर लांब लागतात हे तुला माहीत नसेल. चाक बांधणाऱ्याशिवाय कोणाला ते माहीत असायचं कारण नाही. मी लांब आऱ्यांना लाल दोरा बांधला आणि आखूड आऱ्यांना पांढरा. मग दोरे चुकले असतील या भीतीने सगळे सोडून पुन्हा मोजले. मंदानाचं मागचं चाक तीनदा बांधलं. आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढून झाल्यावर ते माझ्यासमोर असं फिरायचं, की रिम स्थिर आहे की फिरतेय ते कळू नये. तरी मी उठून दार लावून घ्यायचो आणि परत बसून प्रत्येक आरा बोटाने छेडून त्याचा आवाज ऐकायचो.

गेल्या शुक्रवारी ते चाक घेऊन सायकलवाल्या उस्ताद रजबअलींकडे गेलो. वय शहाऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही, पण दुकान रोज उघडतात. मांडीवर घेऊन त्यांनी चाक फिरवलं, कान लावला, आणि म्हणाले, "हे चाक तुझ्यापेक्षा जास्त जगेल. मग घाम कसला फुटलाय?" मी म्हटलं, उस्ताद, माणूस मोठ्या प्रवासाला जातोय. "मग जाऊ दे की. चाक त्याला न्यायला बांधलंस ना, थांबवायला नाही?" मला त्यांना आणखी काही विचारायचं होतं. त्यांनी चहा पुढे केला, साखरेचा खडा पुढे केला, आणि मी चहा पिऊन उठलो.

विचारायचं होतं ते अकरा वर्षांपूर्वीचं. तबसहून परत येतानाचं.

ते दिवस मी वहीत बघितले. तुझा फोन आल्यावर पहिली गोष्ट तीच केली. मेहर महिन्याची २७ तारीख. सकाळी रोबातच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिलेलं आहे: "नवा डांबरी रस्ता. लोण्यावरून सायकल चालवल्यासारखं. कयूमर्स गातोय, सूर नाही, पण वाळवंटाला कुठे तक्रार आहे." त्याच पानावर खाली, त्याच शाईत, रात्री लिहिलेल्या तीन ओळी: "दुपारी चार दहाला उतारावर कयूमर्सचं मागचं चाक गेलं. मांडीचं हाड. रस्ता खराब होता."

कयूमर्स, मी वीस वर्षं वही लिहितो. तिला कोणी वाचत नाही. बायकोसुद्धा नाही, ती म्हणते, तुझं रोजचं बोलणं ऐकून होतं तेवढं पुरे. जी वही कोणी वाचणार नाही तिच्यात मी खोटं का लिहिलं असेल? इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की त्या रात्री मन ठिकाणावर नव्हतं. पण अक्षर बघितलं तर ते अगदी ठिकाणावर आहे, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं.

तो उतार मला अजून दिसतो. तू पुढे होतास, दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे, मागे तंबू. टकटक असे पाच-सहा आवाज आले, भाजलेलं बी दाताखाली फोडावं तसे. मग चाकाचा आठ झाला आणि तू रस्त्यावर. मीठ नेणारा ट्रक थांबला, त्या ड्रायव्हरने तुला आपल्या अंथरुणावर झोपवलं. तू शुद्धीत होतास. दात आवळून मला म्हणालास, "मास्तर, माझा सूर एवढा वाईट होता का, की चाकाने जीव दिला?"

इस्पितळात तूरानबानू किरमानहून रात्रभर प्रवास करून आल्या. तुझ्या आईला जिन्यात बघितल्याबरोबर मी म्हणालो, "मावशी, दोष माझाच आहे." त्या म्हणाल्या, "जीभ चावा आधी! सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत तुम्ही. दोष म्हणे!" आणि पिशवीतून डाळिंब काढून माझ्या हातावर ठेवलं. दोन दिवसांनी तुला उशीला टेकवून बसवलं तेव्हा तुलाही तेच म्हणालो. तू म्हणालास, "गप रे. तुझा दोष तर तो रस्ता कोणी खणला, तुझ्या आजोबांनी?" शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मी हसलो. मग घरी आल्यावर मोडकं चाक उस्तादांकडे नेलं. तेव्हा त्यांना नीट दिसायचं. त्यांनी एक आरा हातात घेतला, त्याचं टोक उन्हात धरलं आणि म्हणाले, "रस्ता खराब होता म्हणे?" मी म्हटलं, हो उस्ताद. त्यांनी आरा बाजूला ठेवला आणि चहा मागवला.

मला वाटत आलंय की मी कबुली दिली होती. दोनदा दिली. तुम्हीच ती घेतली नाहीत, त्याला मी काय करू? अकरा वर्षं मी याच वाक्यावर झोपलो. पण गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते, चहा थोडा गार झाला होता, आणि मी माझ्याच तोंडून ऐकलं, "माफ करा, दोष माझाच आहे." तेच शब्द. तोच आवाज. पाहुणे म्हणाले, छे छे, काहीतरीच काय. मी हातातला ट्रे तसाच धरून उभा राहिलो. आपल्याकडे दुकानदारसुद्धा म्हणतो, राहू द्या, तुमच्यापुढे पैशांची काय किंमत. आणि ते खरं मानून जो फुकट माल घेऊन निघतो त्याला गाव वेडा म्हणतं. आपण सगळे या तआरुफच्या शिष्टाचारातच वाढलो. कुठलं वाक्य परत करायचं हे आपल्याला आईच्या मांडीवर कळतं. मग तुझ्या आईला मी नेमकं तेच वाक्य दिलं, जे सभ्य माणसाला परत करावंच लागतं. ते नकळत झालं का? मला प्रामाणिकपणे माहीत नाही. जास्त भीती त्याचीच वाटते.

म्हणून आता जे कोणाला सभ्यपणाने परत करता येणार नाही तसं लिहितो. तुझ्या मागच्या चाकाला डावीकडचे सहा आरे कमी पडले होते. बाजारात नव्हते, चार दिवसांनी येणार होते. सुट्टी थोडी होती आणि मला थांबायचं नव्हतं. मी उजव्या बाजूच्या मापाचे सहा जादा आरे डावीकडे घातले. दोन मिलिमीटर आखूड. टोपीत ते पुरते पोचत नव्हते, काही आट्यांवर लटकत होते. मी गणिताचा मास्तर आहे, मला ते कळत होतं. मी हिशेब मांडून स्वतःला पटवलं की चालेल. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू एक तर थांबला असतास, नाही तर सामान तरी माझ्या सायकलवर टाकलं असतंस. उतारावर त्याच सहा टोप्या तुटल्या. मी नंतर मोजल्या. रस्त्यात एकही खड्डा नव्हता.

तुझा पाय आखूड झाला. तू डोंगरांतला माणूस, दगड हातात घेऊन त्यांचं वय सांगणारा. खात्याने तुला नकाशांच्या खोलीत बसवलं. दर नवरोझला तू फोनवर म्हणायचास, "खुर्चीलाही दोन चाकं लाव रे," आणि आपण दोघं हसायचो. आता डॉक्टर म्हणतात की चालण्यापेक्षा सायकल तुझ्या पायाला सोसेल, आणि तू पुन्हा निघतोयस. या वेळी मुलगीही बरोबर, आणि चाकं पुन्हा माझी. माझा हात चुकेल अशी भीती नाही. चाकं चांगली झाली होती. उस्ताद दुसऱ्याचं मन राखायला काय वाटेल ते म्हणतील, पण चाकाबद्दल खोटं बोलत नाहीत. भीती ही, की तू ज्याच्या भरवशावर डोळे झाकणार आहेस त्या माणसाला तू ओळखत नाहीस.

काल दुपारी मी चारही चाकं सोडवली. फर्रुखलका दारात उभी राहून बघत होती. रिम, हब, आऱ्यांचे जुडगे, टोप्या, प्रत्येक जुडग्यावर लांबीची चिठ्ठी, असं सगळं एका खोक्यात भरलंय, आणि गुरुवारच्या बसने येईल ते हे खोकं. किरमानमध्ये चाक बांधणारे चांगले लोक आहेत. तुला वाटेल त्याच्याकडे नेऊन दे, मोजमाप त्याला पुन्हा घ्यायला सांग, आणि निघ. मला कळवायचीही गरज नाही. पण हे सगळं वाचून, मंदानाला वाचायला देऊन, ती काय म्हणते ते ऐकून, तरीही चाकं माझ्याच हातून बांधून घ्यावीत असं वाटलं तर एवढंच कळव: "ये." मी पुढच्या बसने येईन, तुझ्या अंगणात तुझ्यासमोर बसेन, आणि प्रत्येक आरा आधी तू मोजायचा, मग मी घालायचा. चिडायचं असेल तर चीड, शिव्या दे, वर्षभर बोलू नकोस, त्यातलं काहीही मी घेईन. फक्त, जाऊ दे रे, झालं गेलं, दोष रस्त्याचाच होता, असं लिहू नकोस. तसं उत्तर आलं तर मी समजेन की तू मला नाही म्हणालास.

तुझाच, जर अजून म्हणू देणार असलास तर,
जहानबख्श