कारखाना भूमिकाला, खुर्ची कोणालाच नाही

मी, सुंदरा नवसू तारमळे, राहणार मुरबाड, जिल्हा ठाणे, वय एकाहत्तर, धंदा कारखानदारी, जिल्हा परिषदेची दोनदा निवडून आलेली माजी सदस्य, हे मृत्युपत्र स्वतः सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तेवढ्याने ज्याला पटणार नाही त्याने माझ्याशी एखादा सौदा करून बघावा. दडपण कोणाचेही नाही. माझ्यावर दडपण आणणारी माणसे आता मला आधी फोन करून येतात.

१. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला 'तारमळे फॅब्रिकेशन' हा कारखाना शेड, यंत्रे आणि नावासह माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. माझे पती कै. नवसू यांनी तो हयातीतच बक्षीसपत्राने मला दिला. तेव्हा माझे धाकटे दीर भिमा भाऊजी त्यांना म्हणाले होते, "दादा, बाईच्या नावावर शेड कशाला करताव? ती भाकऱ्या भाजील का पत्रा कापील?" मालक म्हणाले, "दोन्ही करील. तू जेवायला ये."

हा कारखाना मी माझी मुलगी भूमिका हिला देत आहे. तिलाच का, हे कळण्यासाठी थोडे मागचे सांगावे लागेल.

आमच्याकडे तेव्हा पाण्याच्या टँकरच्या टाक्या बनत. टाकी कारखान्याची, गाड्या भाऊजींच्या, आणि उन्हाळ्यात सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांना पाणी पोचवायचे सरकारी कंत्राट भाऊजींच्या नावावर. आमचे घर त्यावरच उभे राहिले, हे नाकारत नाही. मालक गेले, आणि पुढे जिल्हा परिषदेचा आमचा गट महिलांसाठी राखीव झाला. माझा अर्ज भाऊजींनीच भरला. वहिनी निवडून आली की टँकर वाढतील, असा त्यांचा साधा विचार होता.

मी निवडून आले आणि पहिली नळयोजना मागितली ती करपटवाडीसाठी. भाऊजींचे सर्वांत जास्त टँकर तिथेच जात. ते तडक घरी आले. "वैनी, आपल्याच ताटात माती कालवताव तुमी."

मी म्हटले, "भाऊजी, नळालाही टाकी लागते. ती आपण बनवू. टँकरच चालवायचे असं कुठं ठरलंय?"

त्यांना ते पटले नाही. ग्रामसभेला ते माणसे घेऊन आले. नळ आला की पाणीपट्टी येईल, पंप बिघडेल, आणि मग टँकर मागाल तर तोही मिळणार नाय, असे त्यांनी सांगितले. त्यांचे एकही वाक्य खोटे नव्हते. तेवढ्यात वाडीतली सर्वांत म्हातारी, धोंडीबाई, उठून उभी राहिली.

"भिमा, पट्टी आमी भरू. पंप बिघडला तं नीट करू. पन तुझ्या गाडीचा आवाज आला का जेवान टाकून धावायचा, ता आता नाय जमायचा. माझ्या सुनांनी तरी बसून जेवावा."

हात वर झाले. भाऊजींबरोबर आलेल्यांतलेही काही हात वर झाले. ते मी पाहिले आणि त्यांनीही पाहिले.

पाणी आले. टँकर थांबले, तसे टाक्यांचे कामही थांबले आणि शेडमध्ये चिमण्या घरटी करू लागल्या. भूमिका तेव्हा वाशिंदच्या एका कंपनीत नोकरीला होती. ती नोकरी सोडून आली आणि नळयोजनांच्या उंच टाक्या, त्यांचे सांगाडे बनवायला लागली. मी तिला एकच अट घातली: मी सदस्य आहे तोवर आपल्या जिल्ह्यात टेंडर भरायचे नाही.

"आई, घराजवळचं काम सोडून धुळ्याला जायचं?"

"जायचं."

ती गेली. आज नाशिक, धुळे, नंदुरबार, कुठेही गेलात तर टेकाडावरच्या टाकीवर लाल अक्षरांत 'तारमळे' दिसते. म्हणून कारखाना तिचा. अटही तिच्याबरोबर जाईल: घरातले कोणी निवडून आलेल्या पदावर असेल तोवर कारखान्याने या जिल्ह्यात सरकारी काम घ्यायचे नाही.

२. मुरबाडचे राहते घर आणि भाताची जमीन मुलगा संदेश आणि सून अपेक्षा यांना, दोघांच्या नावे, निम्मी निम्मी. संदेश म्हणेल, निम्मी का? वडिलांनी माझ्या नावावर काही केले म्हणून तू शिकलास, एवढेच उत्तर आहे.

पक्षाची माणसे हल्ली संदेशकडे येतात आणि 'आईची जागा' असा शब्द वापरतात. ती जागा माझ्या मालकीची नाही, म्हणून या मृत्युपत्रात नाही. त्याला हवी असेल तर त्याने करपटवाडीला जाऊन मते मागावीत. धोंडीबाई आता राहिली नाही, पण तिच्या सुना आहेत, आणि त्या बसून, निवांत विचारतात.

३. करपटवाडीचे पंपघर ज्या तुकड्यावर उभे आहे तो माझा आहे. तो ग्रामपंचायतीला.

४. पाटल्या अपेक्षाला, ठुशी भूमिकाला. अदलाबदल करायची तर आपसात करावी.

५. दुसऱ्या निवडणुकीचे सांगायचे राहिले. गट खुला झाला, पक्षाने माझे तिकीट कापून भाऊजींना दिले. मी अपक्ष उभी राहिले. दीर-भावजय समोरासमोर, मुरबाडच्या बाजारात पैजा लागल्या. मी जिंकले. मिरवणूक भाऊजींच्या दारावरून न्यायचा पोरांचा हट्ट होता. मी नको म्हटले नाही. ढोल तिथे जरा जास्तच वाजला. त्यानंतर भाऊजी शहापूरला राहायला गेले आणि आमच्या घरी आले नाहीत.

आज सकाळी मी निरोप धाडला आणि ते आले. इथवरचा मसुदा त्यांनी चष्मा लावून वरून खालपर्यंत वाचला.

"वैनी, माला काय ठेवलाव?"

"काही नाही."

"मंग बोलवलाव कशाला?"

"ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. मला तुमची सही हवी आहे. माझ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस खाली सही करतो म्हटल्यावर वर कोण तोंड उघडेल?"

त्यांनी खिशातले पेन काढले. मग म्हणाले, "करतो सही. पन मी थोडक्यात पडलो, ता लिवा."

भाऊजी त्या निवडणुकीत थोडक्यात हरले, अशी नोंद त्यांच्या आग्रहावरून घेत आहे. एवढे एक वाक्य सोडून या मृत्युपत्रातला सर्व मजकूर खरा आहे.

ठिकाण: मुरबाड
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) सुंदरा नवसू तारमळे

आम्हा दोघांच्या देखत सुंदराबाईंनी वाचून, समजून सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही करत आहोत.

साक्षीदार:
(सही) भिमा चांगो तारमळे, राहणार शहापूर
(सही) डॉ. अनिता रविंद्र पष्टे, राहणार मुरबाड