मीठफुटीतला आंबा

४ मार्च
पाण्याची मोटार परत चालूच! सांगून सांगून तोंड दुखलं, पण म्हाताऱ्याच्या कानात काय शिरत न्हाई. आंब्याच्या बुडात नुसता चिखल. तरी म्हणतोय, पानं करपली, तहानलाय बिचारा.

वीरधवल पलटणीतनं आला तो पेटीतनंच. पोराची रक्षा नदीत सोडली न्हाई, रानात पुरली, वर हा आंबा लावला. गावात आता सगळेच तसं करत्यात. तीन सालं झाली. म्हातारा बोलतो ते त्या झाडाशी. माझ्याशी भांडण तेवढं.

९ मार्च
वीरधवलची लेक साक्षी कराडहून आली. शेतकी शिकतिया. रानात उकिडवी बसली, माती बोटानं चिवडली, वर पांढरं फुटलंय ते दाखवलं. म्हणाली, आजी, पाणी लय हाय, पण त्यात मीठ विरघळलंय. मिठाचा कण न कण भोवतीनं पाणी चिकटवून धरतो, सोडत न्हाई. मुळं ओढत्यात, पण त्यांच्या वाट्याला येत न्हाई. आन वरनं पाणी पाजाल तसं खालचं मीठ वर येतं.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सोडून आकसत्यात — त्यासाठी कॉलेजात कशाला जायला पायजे!

पण आंब्याचं तसंच चाललंय म्हणल्यावर ताट बाजूला सारलं.

१० मार्च
म्हाताऱ्याला मिठाचं काय बोलले न्हाई. एवढंच म्हणलं, "आवं, साठलेलं पाणी निघायला चर काढू, पाणी बंद ठेवू थोडे दिवस."

"पोरगं तहानलेलं दिसतंय, आन बापानं मोटार बंद करायची व्हय?"

मोटारीच्या फ्यूजा काढून पिठाच्या डब्यात लपवल्या.

११ मार्च
घागर घेऊन गेला. दोन खेपा. गुडघा धरून आला. तेल चोळलं.

२३ मार्च
शेंडा वाळला. सालीवर नख ओढून बघितलं, आत हिरवं न्हाई.

म्हातारा बांधावर बसलेला. म्हणाला, "माझं पाणी कमी पडलं का गं?"

मी उसाचं पाचट गोळा करत राहिले.

२४ मार्च
म्हणतोय, साक्षीला विचारतो, ती शिकलेली हाय, खरं सांगंल.

पोरीला फोन करून बजावलं — आबा विचारतील, तू मिठाचं, पाण्याचं तोंडातनं काढायचं न्हाई. झाडाला वाळवी लागली हुती, एवढंच. काय सांगायचं ते मी सांगीन.