तेलवालीची रेघ

झांगशू, १९ ऑक्टोबर १९९७

हानमिन,

पत्र पोचलं. कॉफीचा डबाही पोचला. तुझे बाबा बरे आहेत, मी बरी आहे. छप्पर पुन्हा गळतंय, पण ते तू असतानाही गळायचंच. कॉफी बाबा काढ्यासारखी घेतात. जेवणाआधी, छोट्या वाटीतून, डोळे मिटून. म्हणतात, "एवढी कडू आहे म्हणजे कशावर तरी चालत असणारच." कशावर, ते अजून ठरलेलं नाही.

औषधांचा बाजार परवा उठला. यंदा परदेशी माणसं फार. एक उंच डॅनिश बाई कडू संत्र्याच्या वाळक्या फोडींच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिच्या दुभाष्याने बाबांना विचारलं, "आजोबा, झाडांवर काही फवारता का?" बाबा म्हणाले, "फवारायला उठायला लागतं." हे त्या बाईला काय करून सांगितलं कोण जाणे, पण ती फार खूश झाली. बाबांचा फोटो काढला. संध्याकाळी पेज जेवताना बाबा म्हणतात, "आधी आपल्या टोचायच्या सुया तिकडे गेल्या. मग मुळ्या गेल्या. मग पोरं गेली. आता त्या बाईने माझं तोंडही नेलं."

मी हसले. ते हसले नाहीत.

तुझं दुसरं पाकीटही मिळालं, घटस्फोटाच्या कागदांचं. सही अजून केलेली नाही. पेन सापडत नव्हतं असं लिहिलं तर विचारशील की मग हे कशाने लिहितेयस. तर ते राहू दे.

आपल्या औषधी पट्ट्यांचं वाचलं. मी पाठवलेलं अख्खं खोकं रॉटरडॅमला अडवलं, तपासलं, आणि त्यात शिसं निघालं म्हणून जाळून टाकलं. शिसं निघणारच ना. तिळाच्या तेलात शेंदूर टाकल्याशिवाय काळी पट्टी होते का? आणि शेंदूर म्हणजे शिसंच. पण तुझ्या दवाखान्यात तो ट्रामवाला गुडघा धरून बसलाय, त्याला तीच पट्टी हवीय, आणि त्याच्यामागे अजून कितीतरी. म्हणून तू लिहितोस, आता पार्सल नको. तेलाची रीतच लिहून पाठव. मी आता आनेकाकडेच राहतो, तिच्या घरामागे शेड आहे, वसंत आला की तिथेच शिजवू. पुढे लिहितोस, "घरातलीच तर गोष्ट आहे."

कुठल्या घरातली?

हानमिन, तुला नियम माहीत आहे. आनेकाला बहुतेक सांगितला नसशील, सांगायला विचित्रच आहे तो. वरून टाकायची भुकटी मुलाकडे, तेल सुनेकडे. नवऱ्याने बायकोला सांगायचं नाही, बायकोने नवऱ्याला नाही. ज्या वर्षी घराघरातली औषधं सरकारजमा करायला लावली, त्या वर्षी आजोबांनी रीत अशी फाडली. तेल आजींना देऊन टाकलं आणि स्वतः कढईकडे फिरकले नाहीत. अधिकारी आले, दोघांना वेगवेगळं उभं केलं. दोघांनीही खरं तेच सांगितलं, मला पूर्ण येत नाही. अर्धं औषध कुणालाच नको होतं. वाचलं.

मुलीला तेल नाही, कारण मुलगी दुसऱ्याच्या घरी जाते. सून राहते. असा सगळा विचार होता. मुलगाच जाईल, हे त्या विचारात कुठे बसत नव्हतं.

मी बघते. कळवते.

सूछिन


झांगशू, २३ नोव्हेंबर

हानमिन,

इथे थंडी पडली. बाबांना खोकला आहे, पण खायला सांगावं लागत नाही. खारवलेलं बदक ओसरीवर टांगलंय, त्याच्याकडे बघत बसतात.

या वेळची कढई बिघडली. हे तुला सांगायचं की नाही याचा विचार करत होते. लो मावशी सकाळी दारातच ओरडत आली, हातात पट्टी.

"अगं सूछिन, ही तुमची पट्टी की माझा नवरा? आहे नुसती चिकटलेली, उपयोग शून्य."

बाबा आतून म्हणाले, "तुझी कंबरच आता पट्टीच्या पलीकडे गेली."

"माझी कंबर तीच आहे, दादा. तुमची भुकटी बदललीय. वास घ्या."

बाबांनी वास घेतला. बराच वेळ घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यात मी कापूर घातला होता का गं?"

मला विचारलं. भुकटीबद्दल, मला. मी कानांवर हात ठेवले, लहान मुलीसारखे, लो मावशीच्या देखत. मावशीने पट्टी परत घेतली आणि निघाली. ती गेल्यावर बाबा आतल्या खोलीत गेले, दार लावलं. खलबत्त्याचा आवाज येत राहिला, थांबत, पुन्हा येत. बाहेर आले तेव्हा खल रिकामा होता. ते रिकामंच कुटत होते.

म्हणजे भुकटी आता फक्त तुझ्याकडे. तेल फक्त माझ्याकडे. मधे एवढा समुद्र.

हे लिहून झालं आणि पोस्टमन आला, तुझं पत्र घेऊन. म्हणून हा पुढचा भाग वेगळ्या शाईत आहे.

आनेकाला दिवस गेलेत. अभिनंदन.

हा शब्द लिहून मी उठले, भांडी घासली, परत बसले. खरंच अभिनंदन. तिला पाचवा लागेल म्हणतोस. उलट्या थांबल्या म्हणतोस. ती घरी साबण करते, तेलाची आणि चुलीची तिला सवय आहे, वसंतात कढईपाशी तीच उभी राहणार, तिला फार हौस आहे. म्हणून रीत लवकर पाठव. आणि कागदही, बाळ यायच्या आत झालं तर बरं.

आपल्यात मुलाचा विषय निघाला की तू उठून अंगणात जायचास. आता चार ओळी सलग लिहिल्यास. अक्षरही चांगलं आलंय.

मला एक विचारायचंय. तिला सध्या धुराजवळ जावं लागतं का? शेडमध्ये आत्ता काही शिजवता का तुम्ही? का विचारतेय ते नंतर. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी जिल्ह्याच्या बायकांच्या दवाखान्यात गेले होते. विशेष काही नाही. डॉक्टरीण तरुण आहे, हात गरम आहेत. रक्त घेतलं, नानचांगला पाठवलं.

बाकी ठीक. बाबा विचारतात, हानमिनकडे बर्फ पडतो का. मी सांगितलं, पडतो. पडत नसेल तर कळव.

सूछिन


झांगशू, १४ डिसेंबर

हानमिन,

तू बरा असशील, आनेका बरी असेल. बाबांचा खोकला गेला.

झालं, एवढंच नेहमीचं. पुढचं नेहमीचं नाही, तेव्हा बसून वाच.

तुला आठवतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आईंनी एका सकाळी मला अंगणात उजेडात नेलं, हनुवटी धरून ओठ वर केला? "आली," म्हणाल्या. "आली गं रेघ." हिरड्यांच्या कडेला, दातांच्या अगदी मुळाशी, निळी काळी बारीक रेघ. त्यांनी स्वतःचा ओठ वर करून त्यांची दाखवली. त्यांच्या सासूबाईंनाही होती. तेलाने तुला आपली म्हटलं, आता तू तेलवाली. त्या दिवशी त्यांनी मला लाल साखर घालून अंडी दिली. तू दाराशी उभा राहून हसत होतास. बारा घरं फिरून सांगितलं त्यांनी. मी आठवडाभर आरशात ओठ वर करून बघायचे. मला ती रेघ आवडायची, हानमिन. बाकी कुणी मला आपली म्हटलंय असं वाटायच्या आधी तेलाने म्हटलं होतं.

दवाखान्यात त्या डॉक्टरणीने तोंड उघडायला सांगितलं.

"ही रेघ कधीपासून आहे?"

मी आपली ऐटीत. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. आमच्यात तेलवालीला येते."

"तेलवाली म्हणजे?"

मी सांगितलं. रीत नाही, म्हणजे मुळ्या कुठल्या आणि माप किती ते नाही, नुसतं वरवरचं सांगितलं. की मुळ्या तेलात काळ्या होईतो तळायच्या, गाळायचं, थेंब पाण्यात टाकला की मोत्यासारखा गोल राहीपर्यंत आटवायचं, मग शेंदूर सोडायचा, धूर उठला तरी हलायचं नाही, वाळुंजाच्या काठीने ढवळत राहायचं. ती लिहीत होती. शेंदूर म्हटल्यावर तिने लिहायचं थांबवलं.

"मुलं?"

"नाहीत."

"झाली नाहीत, की राहिली नाहीत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तूसुद्धा नाही. मी म्हटलं, राहिली नाहीत. तिने खुर्ची जवळ घेतली आणि वाट बघितली. बाहेर रांग होती, कुणीतरी दार ठोठावलं, तिने लक्ष दिलं नाही.

रक्ताचा कागद आलाय. शिसं आहे, भरपूर. ती म्हणते, पट्टीतून पाठीत थोडंच जातं, पण कढईवर वाकून वर्षानुवर्षं धूर घेतला की ते हाडांत जाऊन बसतं. आणि पोटात बाळ असलं की त्याच्याकडे आधी जातं. पट्ट्या आपण पाण्यात भिजत ठेवतो, त्यातली आग निघावी म्हणून. ढवळणारीतली आग कोण काढणार?

पहिलं बाजाराच्या आधी गेलं. शरदातली मोठी कढई होती, आईंचे हात दुखत होते, मी एकटी ढवळत होते. तू आत भुकटी कुटत होतास, दार लावून, नियमाप्रमाणे. भुकटी टाकायला बाहेर आलास, खोकलास, आणि परत आत गेलास. दुसरं हिवाळ्यात. ते मोठं होतं. त्याला नखं होती, तू बघितलं नाहीस, मी बघितलं. मग वसंतात तू हॉलंडला गेलास. मी तुला जाऊ दिलं कारण मला वाटायचं, दोष माझ्या पोटाचा आहे आणि याला तरी मोकळं करावं. तू काय समजायचास ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

मग मी घरातली माणसं मोजायला लागले. आपण म्हणत आलो ना, हे एका मुलाचं घर आहे, नशिबात एकच मुलगा? आजी, एक मुलगा. आई, एक मुलगा. पण पणजोबांना सात मुलं होती, हानमिन. त्यांच्या पट्ट्या सिंगापूरच्या हमालांपर्यंत गेल्या आणि घरात पोरांना झोपायला जागा नव्हती. तेव्हा तेल पुरुष शिजवायचे, मागे मोकळ्या माळावर, कधी हा कधी तो. आजोबांनी रीत फाडली आणि बायका कढईपाशी आल्या, चार भिंतींच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. औषध वाचलं.

हे मी बाबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. ते बदक चिरत बसले होते आणि त्यांचं डोकं त्या दिवशी स्वच्छ होतं. ऐकून घेतलं. सुरी खाली ठेवली.

"तुझ्या सासूची चार गेली," म्हणाले. "मी नाडी बघायचो. मला वाटायचं तिचं रक्त थंड आहे. मी तिला आलं उकळून द्यायचो."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार होतं?"

"मला कळायला नको होतं? गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे यायच्या." मग म्हणाले, "मी आत होतो. दार लावून."

त्यांनी बदक अर्धंच चिरलं. बाकीचं मी चिरलं.

तर आता तुझ्या पत्राचं उत्तर. कागदांवर सही केली आहे, सोबत आहेत, तिन्ही प्रतींवर. बाळ यायच्या आत होईल. तेलाची रीत पाठवत नाही. आत्ता नाही, वसंतात नाही, बाळ झाल्यावरही नाही. मी ती कुणाला शिकवणार नाही. कढईखालची चूल मी काल फोडली. विटा लो मावशीने नेल्या, तिला कोंबड्यांना घर करायचंय.

तुला वाटेल मी सूड घेतेय. तसं वाटून घे, माझी हरकत नाही. तुला हेही वाटेल की तुम्ही हातमोजे घालाल, पंखा लावाल, तिथल्या पद्धतीने कराल. करता येतही असेल. पण वसंतात तिथे ती आठव्या नवव्यात असेल आणि तिला हौस आहे, आणि तू आत असशील. मी तुला ओळखते. तुझा स्वभाव वाईट नाही. तू आत असतोस.

दीडशे वर्षांची पट्टी माझ्या हातून संपतेय, हे मला कळतं. मी रडले त्यासाठी. ट्रामवाल्याला सांग, सूछिनने माफी मागितली आहे. गुडघा शेकायला सांग. भुकटी तुझ्याकडे आहे, ती तुझी, तिचं काय करायचं ते तू ठरव.

बाबा माझ्याकडेच राहतील. सही केल्यावर ते माझे कोण लागतात हे कागदांत कुठे लिहिलेलं नाही, आणि त्यांना विचारलं तर म्हणाले, "आधी जेवायला वाढ."

हे पत्र आनेकाला वाचून दाखव. तुला एकट्यालाच वाचता येतं, तेव्हा सगळं तुझ्यावर आहे. डॉक्टरणीचे प्रश्न गाळू नकोस. नखांचं गाळू नकोस. तिला सांग की इथे कुणी तिच्यावर रागावलेलं नाही. धुरापासून लांब राहा म्हणावं.

त्या दोघांची आई,
सूछिन