आईच्या खोलीशेजारचा बॉयलर

बाबा, आज घर गार आहे. परवापासून बॉयलर बंद आहे आणि आई वरच्या खोलीत दोन स्वेटर घालून बसली आहे, माझ्याशी कामापुरतंच बोलते. इथे अमेरिकेत, एडिसनला जानेवारीत बॉयलर बंद असणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळलं नसतं. तुम्ही नाशिकच्या थंडीतही पंखा एकवर ठेवून झोपायचात. तरी तुम्हालाच लिहावंसं वाटलं, कारण एखादी वस्तू दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हा आपल्या घरात कधी प्रश्नच नव्हता. दुरुस्तच करायची.

आमचा बॉयलर खालच्या मजल्यावर आहे, तो मजला अर्धा जमिनीखाली. गॅसवर पाणी तापवतो आणि ते पाणी पाइपांतून घरभर फिरतं. आम्ही घर घेतलं तेव्हाच तो म्हातारा होता. आई इकडे राहायला आली तेव्हा गुडघ्यांमुळे तिला जिना नको झाला होता, म्हणून त्याच्या शेजारची खोली तिला दिली. खोली उबदार, मागच्या दारातून थेट अंगणात जाता येतं. बॉयलर पेटताना धप्प आवाज व्हायचा. मी विचारलं, त्रास होतो का, तर म्हणाली, "असू दे गं. कोणीतरी घरी आल्यासारखं वाटतं."

यंदा दिवाळीनंतर तो आवाज बदलला. धप्प व्हायच्या आधी जरा वेळ काहीच व्हायचं नाही, नुसता गॅसचा सुस्कारा. निळी ज्योत पिवळी दिसायला लागली. बॉयलरमागच्या भिंतीवर काजळीचा पट्टा आला, तो मी पुसला आणि आठवड्याभरात परत आला. आईच्या खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या असायच्या. ती सकाळी उठली की डोकं जड आहे म्हणायची, चहा ढवळताना मध्येच थांबून राहायची. रविवारी आम्ही तिला भाजीला ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत नेलं की तासाभरात टवटवीत व्हायची. माझा नवरा तिला चिडवायचा, "आई, तुम्हाला भेंडी बघितल्याशिवाय बरं वाटत नाही." तीही हसायची. धूर आणि विषारी वायू दोन्हींचा अलार्म तिच्या उदबत्तीने ओरडायचा, म्हणून त्यानेच तो काढून वर जिन्यापाशी लावला होता. आम्ही दोघंही शिकलेली माणसं आहोत, बाबा. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

परवा बॉयलरचा माणूस आला. हातातलं यंत्र घेऊन आत गेला, त्यावर एकदा बघितलं आणि आधी मागचं दार सताड उघडलं. मग बॉयलर बंद केला. मग आईच्या पलंगाकडे बघून विचारलं, इथे कोण झोपतं? मी सांगितलं. तो म्हणाला, आज रात्री नाही. त्यानंतर त्याने बॉयलरच्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीच्या जाळीत हात घातला आणि ओढत ओढत एक कापड बाहेर काढलं. आईचं जुनं सुती पातळ होतं, नीट चौघडी करून दडपून बसवलेलं. बॉयलरला जळायला हवा मिळावी म्हणून ती जाळी असते. आईला तिथून नुसता गार वारा येताना दिसला. वारा येतो ते भोक बुजवायचं, हे ती आयुष्यभर करत आली आहे.

ते पातळ हातात घेतलं आणि मी नववीत आहे. डिसेंबर. न्हाणीघरात तो गॅसचा गीझर आहे, दुकानदाराने फेकून द्या म्हणून सांगितलेला आणि तुम्ही रविवारी गॅलरीत पेपर पसरून दुरुस्त केलेला. मला सर्दी आहे म्हणून आईने खिडकीच्या फटीत कागदाचे बोळे घातले आहेत. साबण हातातून सुटतो, एवढंच मला आठवतं. मग तुमचा खांदा, उखडलेली कडी, जिन्यातली फरशी, शेजारच्या काकू माझे तळवे चोळताहेत आणि तुम्ही सगळ्या बिल्डिंगदेखत आईला म्हणताय, "खिडकी बुजवतं का कोणी? अक्कल कुठे ठेवलीस?" आई हळूच म्हणाली, "अहो, पण गीझर…" तुम्ही म्हणालात, "गीझर ठणठणीत आहे."

गीझर राहिला. मी हॉस्टेलला जाईपर्यंत त्याच्याच पाण्याने आंघोळ केली. कडी तेवढी पुन्हा बसवली नाही. आई फोडणी सोडून दाराशी येऊन विचारायची, "आहेस ना गं?" आणि मी "आहे" म्हणायचे. पुढे कुठल्याही लग्नात, बारशाला ती गोष्ट निघाली की तीच सांगायची, "माझ्या हातून पोर गेली असती." तुम्ही शेजारी बसून ऐकायचात.

तो माणूस म्हणाला, एक भाग तडकलाय, तो बदलता येईल. साफ करू, जाळी उघडी ठेवा, अजून काही हिवाळे चालेल. नाहीतर नवा घ्या. नवे बॉयलर आपली हवा थेट बाहेरून पाइपने घेतात. मी विचारलं, मग जाळी कोणी बुजवली तरी? तो म्हणाला, तरी काही होणार नाही.

पातळ मी वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. नवरा ऑफिसातून आल्या आल्या म्हणाला, "रिपेअर होतोय ना? विंटर काढू यार, मग बघू."

"होणार नाही म्हणाला."

"शुअर?"

"हो. नवाच घ्यायला सांगितलाय."

आई खुर्चीत बसून ऐकत होती. तो कपडे बदलायला गेल्यावर तिने विचारलं, "माझ्यामुळे नाही ना काही झालं?" मी म्हणाले, "नाही गं, बॉयलरच गेला होता." मग म्हणाली, "तुम्हाला टाकायची फार घाई. हे असते तर अर्ध्या तासात चालू केला असता." तेव्हापासून ती रागावलेली आहे.

डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं. आता ठीक आहे म्हणाले, पण काही गोष्टी उशिरा दिसतात, लक्ष ठेवा. काल तिने मला इथे किती वाजले असं विचारलं, मी सांगितलं, आणि चहा संपायच्या आत पुन्हा तेच विचारलं. वयाने असेल. आज सकाळी ती रागाने माझ्याशी बोललीच नाही, म्हणून अजून विसरतेय का ते मला कळलं नाही.

नवा बॉयलर गुरुवारी येतोय. हे लिहिलेलं घरात ठेवता येणार नाही, आईच्या हाती लागलं तर ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचेल. म्हणून फाडणार आहे. जुना दुरुस्त होण्यासारखा होता, बाबा. तुम्ही केलाच असता, आणि आईला त्या पातळावरून जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही, आणि तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.