गव्हाणीतल्या काड्या

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, संध्याकाळ

आज मी सात वर्षांच्या नातीशी, रूथशी, खोटं बोलले.

विहीणबाई आठ दिवसांसाठी लासूर स्टेशनहून आल्यात. येताना ज्वारीचा कडबा आणला आणि रूथला घेऊन बाळ येशूसाठी गोठा बांधला. या घरात नाताळचा गोठा मी करते, पुठ्ठ्याचा, शाळेत सिस्टरांनी शिकवला तसा. यंदा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि कडब्याचा सुंदर झालाय, तेच खुपतंय.

चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी ठेवायची, म्हणजे बाळाला मऊ अंथरूण होतं, ही रीत तरी माझी; यंदा काड्या मात्र त्यांच्याच कडब्याच्या. पण आज रूथ बायबलमधली गोष्ट वाचायलाही त्यांच्याच मांडीवर.

"नानी, गाय कुठे बसवू?"

"बाळाजवळ बसव की. लई थंडी हाय, ऊब नको व्हय त्याला?"

दोघी खिदळल्या. मी स्वयंपाकघरातून येऊन म्हटलं, "गव्हाणीत कडबा चालत नाही. बाळाला टोचतो."

कुणी सांगितलं हे? कुणीच नाही. रूथने निमूट एकेक काडी बाहेर काढली. माझे पाय चेपले म्हणून ठेवलेली होती, तीसुद्धा.

विहीणबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं ताई, आमच्या ध्यानातच नाय आलं." टोमणा असता तर बरं झालं असतं.

आता जेवायला हाक मारतायत. पानंही त्यांनीच घेतलीत. सगळ्यांदेखत सांगेन, आजी खोटं बोलली. रूथ विचारणार, का? मग नानीचा गोठा माझ्यापेक्षा सुंदर झालाय, हेही सांगावं लागेल.