निळ्या काचेतलं ऊन

१२ जानेवारी १९७३
शीर पुन्हा टरारली. डावा पाय, पोटरीपासून घोट्यापर्यंत नुसत्या गाठी. संध्याकाळी चप्पल घालवत नाही. कंपोजिटरला खुर्ची नसते – अक्षरांच्या केसपुढे उभं राहूनच शिशाचे खिळे जुळवायचे. आज प्रेसचे मालक भैयाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "लहानू, पाय दुरुस्त कर गा! नाही तं वाडीले गोदामावर रखवालदारी पाहून देतो. तिथं खुर्ची भेटते!" सगळे हसले.
माझ्याइतकं शुद्ध जुळवणारा नागपुरात दुसरा दाखवा! शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं खिळ्यांनी शिकवलं. तो मी गोदामाच्या दारावर बसू?

१५ जानेवारी
उपाय आहे! सुई नाही, कापाकापी नाही. प्रकाशाच्या उपचारांवरची महादेवराव मास्तरांची पुस्तिका दिवाळीत मीच जुळवली. त्यांची नजर अधू, म्हणून प्रुफंही माझ्यावर सोपवली होती. फुगलेल्या शिरांवरचं वाक्य पाठ आहे – "पाय उंच ठेवून निळ्या प्रकाशात धरावा." हस्तलिखितात "नीला प्रकाशात धरावी" होतं. आपल्याकडे हिंदीच्या संगतीनं ळ चा ल करतात! मी दुरुस्त केलं.
इतवारीतून निळी काच आणली. कडा स्वतः घासल्या.

२ फेब्रुवारी
काच खाटेला टेकवून सकाळचं ऊन पायावर घेतो. पाय विटांवर. शेजारच्या अंजनाबाई कुंपणावरून – "काहून गा लहानूभाऊ, पाय निळीत बुडवला का?" माझ्याआधी बायकोच, जयवंता, बोलली. "हासू नको वं. छापील हाय ते."
जयवंताला कळतं.

१९ फेब्रुवारी
फरक नाही.

६ मार्च
घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी तपकिरी झाली होती, ती आज फुटली. चारआणीएवढी जखम. पाणी झिरपतं. भैयाजींनी पाडव्यापर्यंत मुदत दिली.

७ मार्च
शेवटी मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर पोरगेलासा, पुण्याकडचा. पाय दाबून म्हणाला, "काका, ही नीला तुंबलीय. आतल्या झडपा निकामी झाल्यात."
"नीला?"
"नीला म्हणजे शीर. रक्त हृदयाकडे परत नेते ती. सातवीच्या पुस्तकात असतं की – रोहिणी आणि नीला."
सातवीच्या!
काचेचं सांगितलं. हसला नाही. "ऊन निळं घ्या, पिवळं घ्या, झडप दुरुस्त होत नाही. पाय उंच ठेवलात तेवढं बरं केलंत." ऑपरेशन म्हणतो. त्यानंतरही उभ्याचं काम बंद.
नीला प्रकाशात धरावी. शीर प्रकाशात धरावी! वाक्य शुद्ध होतं. "धरावी" – स्त्रीलिंग! ती खूण डोळ्यांसमोर होती, आणि मी ती मोडून "धरावा" केली.
जयवंताला यातलं काही सांगितलं नाही.

९ मार्च
लंगडत महादेवरावांकडे. ओसरीवर एका म्हाताऱ्याच्या पायावर निळा जिलेटीन कागद धरून बसले होते! चूक सांगितली. मास्तर म्हणाले, "मले वाटलं, मीच चुकीचं लिहिलं होतं. तुम्ही छापलं तसं मी देऊन राहिलो."
म्हातारा म्हणाला, "मंग हा कागद काढू का ठेवू गा?"
दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी चप्पल शोधू लागलो.

१४ मार्च
काच खाटेखाली सरकवली. भैयाजींना सांगून टाकलं – गोदाम चालेल. या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

१५ मार्च
सकाळी पाहतो तर जयवंता खाटेखालून काच ओढून राहिली. "काहून वं?"
तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन्ही पाय. गाठी माझ्याहून जाड, उजव्या घोट्याला चिंधी बांधलेली. मंडीत दिवसभर उभ्यानं संत्री निवडते ती.
"तुमी प्रेसवर गेले की मी काच घेऊन बसत होती. तुमचा पाय बरा झाल्यावर सांगीन म्हटलं."
माझं राहू दे. उद्या मोठ्या दवाखान्यात आधी तिचा केसपेपर.